खोक्यातलं स्वयंपाकघर : जोडणीची कॅबिनेटं निवडताना

आजचा भाग ज्यांचं स्वयंपाकघर येत्या काही महिन्यांत फुटणार आहे त्यांच्यासाठी. म्हणजे जुन्या ट्रॉल्या निघणार, टाइल्स उखडणार, आणि घरातली सगळी माणसं पंधरा-वीस दिवस बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर चहा करणार, त्यांच्यासाठी.

पुण्या-मुंबईकडे याला अजूनही 'किचन ट्रॉली बसवणं' म्हणतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरूकडची आपली मंडळी 'मॉड्युलर किचन' म्हणतात. नाव काहीही असो, काम करून घेण्याचे ढोबळ मार्ग तीन. पहिला, सुतार घरी येतो, प्लायवुडचे तावे गॅलरीत रचतो आणि महिनाभर घरात भुसा उडतो. दुसरा, एखादी कंपनी किंवा गावातला कारखाना माप घेऊन जातो, तिकडे पाट्या कापतो आणि त्यांचीच माणसं येऊन बसवून जातात. आणि तिसरा, आजचा आपला : ठरावीक मापाची कॅबिनेटं सपाट खोक्यांतून घरी येतात, सोबत स्क्रूंची पुडी आणि चित्रांचा कागद, आणि ती तुम्ही किंवा तुम्ही बोलावलेला फिटर जोडतो. यालाच 'फ्लॅट-पॅक' म्हणतात.

ही कल्पना जगभर नेली ती स्वीडनच्या आयकिया कंपनीनं. त्यांच्याकडे सांगितली जाणारी गोष्ट १९५६ सालची : यिलिस लुंडग्रेन नावाच्या त्यांच्या माणसाला एक टेबल गाडीत घालायचं होतं, ते मावेना, म्हणून त्यानं पाय काढून ठेवले. सपाट सामान विकणारे त्याआधीही होते, पण धंदा म्हणून ही पद्धत रुळली ती तिथून. आपल्याकडे हैदराबादला ऑगस्ट २०१८ मध्ये, नवी मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये आणि बेंगळुरूला जून २०२२ मध्ये त्यांची मोठी दुकानं उघडली, आणि मग 'खोक्यातलं किचन' हा शब्द घरोघरी गेला. आज ऑनलाइनही अशी कॅबिनेटं मिळतात. शिवाय बहुतेक मोठ्या शहरांत पॅनेल-सॉ आणि एज बँडिंगची मशिनं असलेले कारखाने आहेत. ते तुमच्या मापानं कापलेल्या पाट्या सुट्या देतात. तेही एका अर्थी फ्लॅट-पॅकच.

आधी ओटा बघा

रंग, हँडल, आतल्या जाळ्या हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की तुमच्या स्वयंपाकघरात ही वस्तू बसते का?

आपल्या बहुतेक जुन्या घरांत ओटा बांधकामातला असतो. वर ग्रॅनाइट किंवा कडाप्पा, खाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या, मध्ये एखादी आडवी फळी. फ्लॅट-पॅक कॅबिनेट हे पूर्ण खोकं असतं, म्हणजे दोन बाजू, तळ, पाठ सगळं त्याचं स्वतःचं. ते स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि ओट्याचा दगड त्याच्या डोक्यावर येतो. याचा अर्थ असा की जुना ओटा ठेवून त्याच्या खाली फ्लॅट-पॅक सरकवता येत नाही. ओटा २ फूट खोल असला, तरी पुढचा काठ आणि मागच्या टाइल्स वजा करता आत ५२ ते ५५ सें.मी. जागा उरते, आणि कॅबिनेटाची खोली असते ६० सें.मी. कडाप्प्याच्या दोन फरश्यांमधलं अंतरही कुठे ४७, कुठे ७१. कॅबिनेट मात्र २०, ३०, ४०, ६०, ८० अशाच रुंदीत येतं.

म्हणून माझं सरळ मत : ओटा चांगला असेल, दगडाला तडा नसेल आणि उंची तुम्हाला सोयीची असेल, तर तो फोडू नका. स्थानिक माणसाकडून फ्रेम, शटर आणि मापाच्या ट्रॉल्या करून घ्या, खर्चही कमी आणि कडाप्प्याचा सांगाडा पाण्याला दाद देत नाही. अशा घरात फ्लॅट-पॅक वापरायचंच तर वरच्या भिंतीवरच्या कपाटांसाठी वापरा. ओटा फोडायचाच आहे, किंवा फ्लॅट नवा आहे आणि बिल्डरनं नुसता प्लंबिंग पॉइंट दिलाय, तर मात्र खालपासून वरपर्यंत फ्लॅट-पॅकचा विचार करायला हरकत नाही.

ओटा नव्यानं करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच मिळते, ती पुढच्या पंधरा वर्षांत परत मिळणार नाही : उंची ठरवण्याची संधी. तयार कॅबिनेटं युरोपातल्या मापावर बेतलेली असतात. सांगाडा ७२ ते ८० सें.मी., खाली ८ ते १५ सें.मी.चे पाय, वर दगड. ओटा सहज ९० सें.मी.पर्यंत, म्हणजे साडेपस्तीस इंचांपर्यंत जातो. साडेपाच-पावणेसहा फुटी माणसाला तो छान. पण आपल्या घरांत रोज त्या ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईची उंची पुष्कळदा पाच फुटांच्या आसपास असते. उभं राहून हात कोपरात वाकवा. कोपरापासून १० ते १५ सें.मी. खाली ओटा यावा असा साधा हिशेब आहे. पाच फुटांच्या माणसाला तो ८१ ते ८६ सें.मी. येतो. पोळ्या लाटायला, कणीक मळायला वरून जोर द्यावा लागतो, त्याला आणखी थोडा खालचा ओटा बरा वाटतो. ५-६ सें.मी. म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण रोज वीस पोळ्या खांदे उचलून लाटून बघा. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा : सांगाडा किती उंच, आणि याला सगळ्यात लहान पाय किती सें.मी.चे मिळतात? आणि माप घेताना जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला तिथे उभी करा. पैसे देणाऱ्याच्या उंचीवर ओटा ठरवू नका.

पाटी कशाची?

आता खरा पैसा इथे आहे, आणि खरी फसवणूकही इथेच.

खोक्यातल्या पाटीला बाहेरून सगळीकडे पांढरं किंवा लाकडी लॅमिनेट असतं. आत काय आहे ते कडेनंच कळतं, आणि कडेवर पट्टी मारलेली असते. म्हणून दुकानात कापलेला तुकडा मागायचा. नाही म्हणाले तर बिजागरीसाठी पाडलेल्या भोकात डोकावायचं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पार्टिकल बोर्ड, ज्याला लोक भुशाचा बोर्ड म्हणतात. लाकडाचे कण आणि रेझिन दाबून केलेला. युरोपातली बहुतेक किचनं याचीच असतात आणि तिकडे ती वर्षानुवर्षं टिकतात, हे खरं आहे. पण तिकडे लादी बादलीनं धूत नाहीत, आणि पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल येत नाही. याच्या वरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेला. गुळगुळीत, सपाट, पण साधा एमडीएफ पाणी प्यायला लागला की फुगतो आणि परत बसत नाही. त्याच्या वर एचडीएचएमआर, जास्त घनतेचा आणि ओल सोसणारा. मग प्लायवुड : आतल्या कोरड्या कामाचं एमआर, त्यावर बीडब्ल्यूआर, आणि सगळ्यात वर बीडब्ल्यूपी, ज्याला मरीन प्लाय म्हणतात.

'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकला की थांबायचं आणि आयएस क्रमांक विचारायचा. मरीन प्लायचा क्रमांक आयएस ७१०. या दर्जाच्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जावा लागतो. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक. लॅमिनेट चिकटवलेल्या पार्टिकल बोर्डासाठी आयएस १२८२३, आणि तशाच एमडीएफसाठी आयएस १४५८७. पाटीवर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखाली सीएम/एल अशी अक्षरं आणि परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक तिथे टाका. परवाना कोणाचा, चालू आहे की संपला, ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. 'साहेब, हा यमुनानगरचा माल आहे' किंवा 'केरळचा आहे' एवढ्यावर भागवू नका. यमुनानगर आणि पेरुंबावूर दोन्हीकडे उत्तम प्लायही बनतो आणि रद्दीही.

घरी करता येणारी चाचणी याहून सोपी आहे. ज्या पाटीचं किचन घेणार तिचा हातभर तुकडा आणा. जाडी मोजून पेन्सिलीनं लिहून ठेवा. बादलीत २४ तास बुडवा. बाहेर काढून कडेला परत मोजा. १८ मि.मी.चा तुकडा १८ किंवा साडेअठरा राहिला तर ठीक. २१-२२ झाला आणि कड पावासारखी फुलली, तर ती पाटी सिंकखाली काय करणार आहे ते तुम्ही बघितलंच. शेजारी दुसऱ्या दुकानाचा तुकडाही बुडवा, म्हणजे तुलना होते.

यावरून सगळं किचन मरीन प्लायचंच करावं असं मी म्हणणार नाही. तो पैशाचा अपव्यय आहे, आणि एका बाबतीत चूकही. कारण प्लाय वाकतो. सांगाड्यात तो चारी बाजूंनी बांधलेला असतो म्हणून चालतं, पण शटर एका बाजूला बिजागरीवर लटकलेलं असतं. उंच शटर प्लायचं केलं तर काही महिन्यांनी एक कोपरा बाहेर डोकावतो, विशेषतः नागपूर, जयपूर, दिल्लीसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळ्याचं कोरडं ऊन आणि पावसाळ्याची ओल यांत फार तफावत आहे. शटरला एचडीएचएमआर किंवा चांगला एमडीएफ बरा, दोन्ही अंगांना लॅमिनेट लावलेला. एकाच अंगाला लॅमिनेट असेल तर कुठलीही पाटी वाकणारच.

तेव्हा माझी वाटणी अशी. सिंकखालचं कॅबिनेट, आणि भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर तिथलं, आयएस ७१० प्लायचं किंवा स्टीलचं. खालची बाकीची कॅबिनेटं एचडीएचएमआर किंवा बीडब्ल्यूआर. वरची, पाण्यापासून लांब असलेली, चांगल्या कंपनीच्या प्री-लॅम पार्टिकल बोर्डाचीही चालतील. कोकण, गोवा, मंगळूर, चेन्नई, कोलकाता इथे असाल तर एक पायरी वर चढा. फ्लॅट-पॅकवाले एकाच मालात सगळं देत असतील तर सिंकचं एक कॅबिनेट बाहेरून करून घ्यायला लाजू नका. आत ते दिसत नाही, शटर तर तेच राहतं.

एक हिशेबाचा मुद्दा. एचडीएचएमआरची घनता साधारण ८५० किलो प्रति घनमीटर धरली, तर १८ मि.मी.चा ८ बाय ४ फुटांचा एक तावा ४५ किलोंच्या वर जातो. पार्टिकल बोर्डाचा ३५ च्या आसपास. ६० बाय ८० सें.मी.चं एक शटरच सव्वासात किलोंचं होतं. म्हणून जड पाटी घेतली की बिजागऱ्या मोजा. तीन फुटांपर्यंत दोन पुरतात, त्याहून उंच शटरला तीन हव्यात. दोनवर भागवलेलं उंच शटर वर्षभरात खाली उतरतं आणि शेजारच्या शटराला घासायला लागतं.

कडेच्या पट्टीबद्दल थोडक्यात. पाटी पृष्ठभागावरून भिजत नाही, कडेनं भिजते. चारी कडांना पट्टी हवी, नुसती दिसणाऱ्या कडेला नाही. तळाच्या पाटीची मागची कड, शटरची खालची कड इथे बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर पट्टी नाही. आणि प्लंबर पाइपसाठी जे भोक पाडेल त्याची कड उघडीच असते. तिथे लगेच सिलिकॉन भरायचं. प्लंबर भरणार नाही, तुम्हीच उभं राहून भरून घ्या.

वासाचंही सांगतो. या बोर्डांच्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण ई१ दर्जाचा बोर्ड मागा, आणि किचन बसल्यावर शक्य तेवढे दिवस शटरं, ड्रॉवर आणि खिडक्या उघड्या ठेवा. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर हे टाळू नका.

परात मोजा

परदेशी मापाच्या ड्रॉवरमध्ये परदेशी भांडी मावतात. आपली मावतात का ते आपणच बघायचं. ४० सें.मी.च्या कॅबिनेटात दोन बाजूंच्या पाट्या वजा जाता आत ३६ उरतात, ड्रॉवरच्या पट्ट्या गेल्या की आणखी कमी. घरातली मोठी परात त्यात आडवी जात नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ भांड्यांना द्या. परात, मोठा कुकर झाकणासकट, पोळपाट, सगळ्यात उंच बरणी, मिक्सर भांडं लावून, आणि गव्हाचा डबा. यांची रुंदी-उंची कागदावर. या एका कागदानं दुकानातल्या विक्रेत्याचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

ओट्याखाली शटरपेक्षा ड्रॉवर चांगले, हे मी नि:शंक सांगेन. शटर उघडून, गुडघे टेकून, हात खांद्यापर्यंत आत घालून मागचं पातेलं काढणं पन्नाशीनंतर जमत नाही. ड्रॉवर ओढला की सगळं पुढे येतं. पण चॅनेलवर वजनाची क्षमता लिहिलेली असते : ३० किलो, ५० किलो अशी. डाळी-तांदळाचे भरलेले डबे आणि पितळी भांडी ज्या ड्रॉवरमध्ये जाणार तो ३० चा घेऊ नका. दुकानात रिकामा ड्रॉवर लोण्यासारखा सरकतो. आपण पूर्ण बाहेर ओढायचा, पुढच्या कडेवर हातानं दाबायचं, आणि किती लवतो ते बघायचं. स्टीलच्या जाळ्या घेणार असाल तर त्या ३०४ दर्जाच्या आहेत असं बिलावर लिहून घ्या.

कोपऱ्यातल्या फिरत्या चकत्यांवर पैसे घालू नका. साध्या दोन फळ्या लावा आणि वर्षातून दोनदा लागणारं सामान, दिवाळीचा सोऱ्या, मोठी कढई, तिथे ठेवा.

शटरवर काय घ्यायचं? शेगडीशेजारी पीव्हीसी फॉइलचं शटर नको, उष्णतेनं फॉइल कडेला सुटतं. ॲक्रिलिक चकचकीत दिसतं पण ओरखडे धरतं. साधं लॅमिनेट, जे लोक अजून सनमायका म्हणून ओळखतात, फोडणीच्या तेलाला आणि रोजच्या फडक्याला सगळ्यात जास्त सोसतं. पांढरा मॅट रंग आणि हळद यांचं जमत नाही, एवढं बोलून पुढे जातो.

सिलिंडर आणि भिंत

या दोन ठिकाणी प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे.

पाइप गॅस आलेली शहरं वाढली, तरी बहुतेक घरांत अजून १४.२ किलोंचा सिलिंडर आहे. भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या घरात जातो. फ्लॅट-पॅक कॅबिनेटांच्या यादीत सिलिंडरची जागा बहुतेक नसतेच. मग फिटर सांगतो, 'ठेवा की ६० च्या कॅबिनेटात.' आता लक्षात घ्या, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून निघत नाही, खाली जमिनीलगत साचतो. खालून बंद, बाजूंनी बंद, पुढे घट्ट शटर आणि खाली स्कर्टिंग अशा खोक्यात तो साचत राहतो आणि वासही उशिरा येतो. म्हणून शक्य असेल तर सिलिंडर कॅबिनेटात नकोच, मोकळ्या हवेशीर जागी ठेवा. कॅबिनेटात ठेवणं भागच असेल तर त्या खणाला तळाची पाटी नको, सिलिंडर लादीवर चाकांच्या स्टँडवर उभा. शटरला अगदी खाली आणि वरही जाळी. आणि त्या खणात विजेचा प्लग किंवा वायर अजिबात नको. सिलिंडर उभाच, आणि शेगडी त्याच्या व्हॉल्व्हपेक्षा वरच्या पातळीवर. रबरी नळी कॅबिनेटाच्या कापलेल्या कडेवर घासत नाही ना, तेही हात घालून बघा.

दुसरं, भिंत. ८० सें.मी. रुंदीचं वरचं कपाट स्टीलच्या ताटांनी आणि डब्यांनी भरलं की स्वतःच्या वजनासकट सहज ५० किलोंवर जातं. ते कशावर लटकलंय? जुन्या इमारतीत ९ इंची विटेची भिंत असेल तर चिंता नाही. ४ इंची असेल तर जपून. नव्या टॉवरमध्ये दोन प्रकार. एक मिवान पद्धतीची काँक्रीटची भिंत : भक्कम, पण साध्या ड्रिलनं भोक पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. दुसरी हलक्या पांढऱ्या ब्लॉकची, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. त्यात भोक लोण्यासारखं पडतं आणि साधा प्लगही तसाच बाहेर येतो. या भिंतीला लांब नायलॉन फिक्सिंग किंवा केमिकल अँकर लागतात. खोक्यातल्या पुडीत भिंतीचे स्क्रू पुष्कळदा नसतातच, कारण भिंत कशाची आहे ते कंपनीला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत हवं. बिल्डरला विचारा, किंवा ड्रिल केल्यावर निघणारी पूड बघा : लाल म्हणजे वीट, राखाडी म्हणजे काँक्रीट, पांढुरकी भुरभुरीत म्हणजे ब्लॉक. वरची कपाटं एका आडव्या लोखंडी पट्टीवर टांगण्याची पद्धत असेल तर ती घ्या, वजन अनेक स्क्रूंवर वाटलं जातं आणि पाणसळीत आणणंही सोपं जातं.

माप, आणि जोडणीचा दिवस

माप टाइल्स लावून झाल्यावर घ्यायचं, आधी नाही. डॅडोची टाइल आणि तिच्या मागचा माल मिळून प्रत्येक भिंत दीड-दोन सें.मी. आत येते. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायची : लादीलगत, ओट्याच्या उंचीला, आणि डोक्याच्या वर. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं. कोपऱ्यात गुण्या लावून बघा; आपल्याकडची भिंत गुण्यात असेल तर गवंड्याला चहा पाजा. भिंतीलगतच्या कॅबिनेटाच्या आणि भिंतीच्या मध्ये ३ ते ५ सें.मी.ची फिलर पट्टी सोडा, नाहीतर ड्रॉवर उघडताना दाराच्या चौकटीला अडेल.

दरपत्रकात 'रनिंग फूट' आणि 'स्क्वेअर फूट' यांची गल्लत चालते. कोणी शटरचं क्षेत्रफळ मोजतं, कोणी सांगाड्याचं. तेव्हा भाव न विचारता यादी मागा : ही कॅबिनेटं, हे ड्रॉवर, हा दगड, सिंक, नळ, जोडणी, वाहतूक, वरच्या मजल्यावर चढवणं, जीएसटी, आणि शेवटी एकच आकडा. दगडाचा आकडा पुष्कळदा यादीतून गळलेला असतो. १० फुटी ओट्याला १८ मि.मी. ग्रॅनाइट ९० किलोंच्या आसपास भरतो, तो आणणं-चढवणं हा वेगळा खर्च आहे. हमीपत्रात 'पाण्यानं झालेलं नुकसान वगळून' असं वाक्य आहे का ते वाचा. स्वयंपाकघराच्या सामानाच्या हमीतून पाणी वगळलं तर उरतं काय? विक्रेता तोंडी जे सांगतो ते ईमेलवर लिहून मागा. पुढे वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, देशात कुठूनही.

खोकी आली की सही करण्याआधी कोपरे बघा. चेपलेला कोपरा म्हणजे आतली पाटी फुटलेली, तिथेच फोटो काढायचा. खोकी आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नकोत. जुन्या घरात वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त ओटा फोडल्यावर आणि कॅबिनेटं येण्याआधी करून घ्या. नंतर त्या कोपऱ्यांत हात पोचत नाही. एमडीएफ, पार्टिकल बोर्डही वाळवीला वर्ज्य नाहीत.

जोडताना स्क्रूंचा पाना नीट बघा. या स्क्रूंवरची फुली साधी नसते, तिच्या मध्ये आणखी बारीक रेघा असतात. तो पॉझिड्राइव्ह, त्याचं टोक वेगळं. साध्या फुलीच्या टोकानं स्क्रूचं डोकं खराब होतं. पार्टिकल बोर्डात शेवटचे दोन वेढे हातानं आवळा, मशिननं नाही, नाहीतर भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. पाठीची पाटी ठोकण्याआधी कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे खोकं गुण्यात. ६० बाय ८० च्या कॅबिनेटाचा कर्ण बरोबर १०० सें.मी. यायला हवा, शाळेतला पायथागोरस इथे पगार देतो. ९९ आणि १०१ आले, तर नंतर शटर कितीही फिरवा, फट सारखी येणार नाही.

पाय प्लॅस्टिकचे, फिरवून उंची बदलणारे हवेत. स्कर्टिंग पीव्हीसीचं किंवा ॲल्युमिनियमचं, क्लिपनं निघणारं. लादी धुणाऱ्या घरात एमडीएफचं स्कर्टिंग पहिल्या पावसाळ्यात तोंड वासतं. झुरळांच्या औषधाचा माणूस आला की हेच स्कर्टिंग काढून खाली फवारता येतं.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी शेवटचं. 'फ्लॅट-पॅक सोडवून पुढच्या गावी नेता येतं' असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. पार्टिकल बोर्डातला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तितका धरत नाही, तिसऱ्यांदा धरतच नाही. नेण्याचा विचार असेल तर प्लायचे सांगाडे घ्या, आणि शक्य तिथे कॅम-लॉकची जोडणी मागा, डिंक कुठेही लावू देऊ नका. दगड नेता येत नाही, आणि पुढच्या घराच्या भिंती वेगळ्या असणार. म्हणून ६० सें.मी.चे सुटे सुटे खण जास्त घ्या, ८० चे कमी. ३२ मि.मी. अंतराच्या भोकांची आणि ३५ मि.मी. बिजागरीची पद्धत पाळणारं कॅबिनेट असेल तर बिजागरी ग्वाल्हेरलाही मिळते आणि बेळगावलाही. एखाद्याच कंपनीची, स्वतःच्याच मापाची बिजागरी असेल, तर जादा चार आत्ताच घेऊन ठेवा.

चिमणीबद्दल आज मुद्दामच बोललो नाही. तिचा पाइप कुठून न्यायचा हे वरच्या कपाटांच्या आधी ठरवावं लागतं, आणि तो विषय मोठा आहे. पुढच्या भागात तोच घेऊ.